मोबाईलचा गजर की पाण्याचं फुलपात्र?

दिवसभर खुर्चीत काम असणाऱ्यांनी मधूनमधून उठावं, हे आता कुणाला सांगायला नको. प्रश्न एवढाच, की उठवणार कोण? मी दोन्ही वापरून पाहिलंय.

गजराने शिस्त लागते. 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिल्लोंची पद्धत 1980च्या दशकाअखेरची, अजून टिकून आहे. डोळ्यांसाठी तर गजरच बरा. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघणं तहानेवर कसं सोपवणार?

पण माझं काम हिशेबाचं. 20 तारीख जवळ आली, की जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, म्हणजे 3बी, भरायची घाई. वहीतलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आणि 2बीमधलं, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून पोर्टलवर बनणाऱ्या तक्त्यातलं क्रेडिट जुळत नसतं, फरक कुठल्या बिलात अडकलाय याचा नुकता माग लागलेला असतो आणि नेमका तेव्हाच फोन थरथरतो. बोट आपसूक ‘नंतर’वर जातं. पुढेपुढे तर गजर वाजला होता हेही आठवत नाही. शिवाय फोन हातात घेतला की व्हॉट्सअॅप आलंच. पाच मिनिटं संपतात, बूड खुर्चीतच.

म्हणून टेबलावरची लिटरची बाटली हटवून मी स्टीलचं छोटं फुलपात्र ठेवलं. बिल सापडलं, बेरीज जुळली, की घोट घ्यायचा. ते कामात मध्येच घुसत नाही. संपलं की माठापर्यंत जावंच लागतं. तिथे उभ्याउभ्या टाचा वर-खाली करतो. पोटऱ्या आवळल्या की पायांत साचलेलं रक्त वर ढकललं जातं. मग एक पाय मागे टाकून कंबर जरा पुढे ढकलतो, बसून आखडलेला जांघेचा भाग सुटतो. आणि प्यालेलं पाणी तासाभराने पुन्हा उठवतंच. तिथे ‘नंतर’ चालत नाही!

अर्थात हे सगळ्यांना जमेल असं नाही. पावसाळ्यात तहानच लागत नाही. किडनी किंवा हृदयाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असेल, तर हा नाद नको. आणि स्वच्छतागृह धड नसलेल्या ऑफिसात बायका मुद्दाम कमी पाणी पितात, त्यांना फुलपात्राचा सल्ला कुठल्या तोंडाने द्यायचा?

उभं राहून काम करायचं टेबल मी विचारातच घेतलं नाही. तिथेही माणूस खिळल्यासारखा उभाच.

दर किती मिनिटांनी उठायचं, यावर फार डोकं लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शनातही बसणं कमी करा इतकंच आहे, ठरावीक आकडा नाही. गजरच लावणार असाल तर फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. बंद करायला तरी उठाल.