सरकारी वकिलांकडे चार आठवडे, बिनपगारी

मार्चमध्ये सोलापुरात एका सहायक सरकारी अभियोक्त्यांच्या हाताखाली इंटर्नशिप केली. मॅजिस्ट्रेट कोर्टातली कामं. वर्गातल्या दोघी-तिघींनी ‘जाऊ का नको’ विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं. मानधन शून्य. रिक्षाचे रोजचे चाळीस रुपये आपले, जेवणाचा डबा आपला. वर पांढरा शर्ट, काळा कोट आणि सोलापूरचा मार्च. अकरा वाजताच कोट हातावर येतो. बसायला खुर्ची नाही, पैरवी हवालदारांच्या (कोर्टात पोलिसांतर्फे केसेसचं काम बघणाऱ्या) टेबलाच्या कडेला एक स्टूल आहे, तेही कोणी पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, आला की द्यावं लागतं. बार कौन्सिलच्या नियमात तीन वर्षांच्या एलएलबीला एकूण १२ आठवडे भरायचे असतात आणि एका वर्षात सलग ४ आठवड्यांच्या वर चालत नाही. त्यामुळे आवडलं तरी लांबवता येत नाही.

आता काम. पहिल्याच दिवशी हवालदार काकांनी दोषारोपपत्रांचा गठ्ठा पुढ्यात टाकला. "ताई, फिर्याद सगळेच वाचतात. तुम्ही पंचनामा वाचा." मोटारसायकल चोरीची केस होती. फिर्यादीत चॅसिस नंबरचा शेवटचा आकडा ३, जप्तीच्या पंचनाम्यात ८. मी धावत सरांकडे गेले, जणू चोर मीच पकडला. सर म्हणाले, "आरसी बुकात काय आहे?" ते मी बघितलंच नव्हतं. आरसीत ३ होता, पंचनामा लिहिणाऱ्याचा ३ च तसला. सरांनी तरी तपास अधिकाऱ्यांना बोलावून घ्यायला सांगितलं, कारण उलटतपासात हा आकडा येणार म्हणजे येणार.

दुसरा धडा माझ्या चुकीचा. जामीन अर्जावर सरकारतर्फे ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायचा असतो, त्याचा कच्चा मसुदा माझ्याकडे होता. चोरी म्हटल्यावर मी डोळे मिटून भादंवि (जुनं भारतीय दंड विधान) कलम ३७९ लिहिलं. गुन्हा नव्या कायद्यानंतरचा. सरांनी लाल पेनानं खोडून वर ३०३(२) केलं आणि गुन्ह्याची तारीख गोल केली. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेलं असेल तर भादंवि, त्या दिवशीचं किंवा नंतरचं असेल तर भारतीय न्याय संहिता. सध्या एकाच बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसच्या यादीवर, दोन्ही चालतात. कॉलेजात हे एका वाक्यात ऐकलं होतं. खोडलेला कागद मात्र अजून डायरीत आहे.

‘से’ बद्दल एक तक्रार मांडतेच. मी वाचलेल्या बऱ्याच ‘से’मध्ये त्याच चार ओळी: तपास अपूर्ण आहे, आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल, फरार होईल, सबब विरोध. दबाव कोणावर, आरोपी राहतो कुठे, काही नाही. एकदा विचारलं तर सर हसले आणि बोर्डाकडे बोट केलं. बोर्ड खरंच लांबलचक होता. तरी मला पटलं नाही.

इंटर्नला कोर्टात बोलता येत नाही, हे कळून जा. पण अक्कलकोटकडची एक म्हातारी साक्षीदार आली, मारहाणीच्या केसमधली, फक्त कन्नड बोलणारी. तिची तिसरी खेप. आधीच्या दोन तारखांना आरोपीच आला नव्हता. कमरेला चंची, पिशवीत कडक भाकरी, आणि एकच प्रश्न, आज तरी होईल का? माझी आजी तिकडचीच, कन्नड मला येतं. सर म्हणाले, "पोलिसांपुढचा तिचा जबाब तिला वाचून दाखव. आहे तेवढाच. स्वतःचा एक शब्द घालू नकोस." व्हरांड्यात बसून वाचला. ‘काठी’ला ती मान डोलवायची, ‘शिवीगाळ’ला तोंड वाकडं करायची. त्या दिवशीही पुकारा झाला नाही. काकांनी तिचा भत्त्याचा अर्ज तेवढा भरून दिला.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर रडगाणंच. कॉलेजचा नमुना वेगळा, ऑफिसचा वेगळा, सही करणारे साहेब रजेवर. जाण्याआधी कॉलेजचा छापील नमुना सोबत न्या आणि डायरीवर दर शनिवारी सही घ्या, नाहीतर माझ्यासारखे हेलपाटे.

पाचापैकी साडेतीन देते. अर्धा स्टुलासाठी कापला, एक ‘से’साठी.

तिसऱ्या हेलपाट्याला गेले तेव्हा नेमकी म्हातारीची साक्ष चालू होती. मागच्या बाकावर टेकले. कारकून कन्नडचं मराठी करून सांगत होते. आरोपीच्या वकिलांनी ठरलेला प्रश्न टाकला, "हे बोलायला तुम्हाला कोणी पढवलं?" म्हातारीनं सरळ माझ्याकडे बोट केलं. "त्या पोरीनं वाचून दाखवलं." अख्खं कोर्ट मागे वळलं. माझ्या हातात सर्टिफिकेटचा कोरा नमुना, कानशिलं तापलेली. सर शांतपणे उठले, फेरतपासात (उलटतपासानंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारतात, त्यात) एकच विचारलं: काय वाचून दाखवलं?

"मी पोलिसांना सांगितलेलं. मलाच."

सर्टिफिकेटवर सही त्याच दुपारी झाली.