गोल्फचा ड्राइव्ह लांबवायचा तर आधी खर्च कशावर: नवा ड्रायव्हर, कोच की वेगाचा सराव?

सुट्टीच्या दिवशी नेमाने गोल्फ खेळणारा, 200 यार्डांच्या आसपास ड्राइव्ह (ड्रायव्हर या सर्वांत लांब क्लबने, म्हणजे काठीने, मारलेला सुरुवातीचा फटका) मारणारा आणि आणखी वीसेक यार्ड हवे असणारा खेळाडू या तीन वाटांशी येऊन थांबतो. अंतर तिन्हींनी वाढतं. पण पहिला रुपया कोचकडेच जावा, असं माझं ठाम मत आहे.

साधा हिशोब मांडा. क्लबहेडचा (क्लबच्या टोकाच्या डोक्याचा) वेग ताशी 90 मैल धरू. चेंडू फेसच्या, म्हणजे हेडच्या सपाट तोंडाच्या, मधोमध लागला तर तो क्लबच्या जवळजवळ दीडपट वेगाने सुटतो. या गुणोत्तराला स्मॅश फॅक्टर म्हणतात. तुमचा स्मॅश फॅक्टर 1.38 असेल तर चेंडूचा वेग 124 मैल, 1.48 झाला तर 133. दर मैलामागे ढोबळमानाने 2 यार्ड धरले, तरी स्विंग तसूभरही वेगवान न करता 18 यार्ड हाती आले. तेवढेच यार्ड फक्त वेगातून काढायचे तर स्विंग 96-97 मैलांवर न्यावा लागेल, आणि पन्नाशीच्या आसपास ते काही महिन्यांचं काम आहे.

शिवाय कोच पाहतो तो कोन. आयर्न (जवळच्या फटक्यांचा धातूचा क्लब) खाली जाताना चेंडूला लागावा लागतो; ती सवय ड्रायव्हरलाही लागली की चेंडू कमी उंचीवर, जास्त स्पिन घेऊन निघतो आणि हवेतच दम सोडतो. चेंडू पुढच्या टाचेच्या रेषेत घेणं, टी (चेंडू ठेवायची खुंटी) थोडी उंच ठेवणं आणि क्लब वर चढताना फटका बसवणं, एवढ्यानेही फरक पडतो. महिलांच्या व्यावसायिक एलपीजीए टूरवरच्या खेळाडूंचा सरासरी स्विंगवेग हौशी पुरुषांपेक्षा फारसा जास्त नसतो, तरी त्यांचा चेंडू कितीतरी पुढे जातो. त्या मधोमध मारतात आणि वर चढता मारतात, म्हणून.

वेगाच्या सरावाला मी कमी लेखत नाही. इंग्लंडचा व्यावसायिक गोल्फर मॅट फिट्झपॅट्रिक याने वजनं बदलत काठी फिरवण्याचा शिस्तबद्ध सराव केला आणि 2022 मध्ये यूएस ओपन जिंकली. क्लबहेडच्या दर मैलामागे साधारण अडीच यार्ड मिळतात, म्हणजे 5 मैल वाढले तर बारा-तेरा यार्ड. मात्र जुनं कंबरदुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, अंग गरम केल्याशिवाय काठी उचलू नका आणि दोन सत्रांमध्ये विश्रांतीचा दिवस ठेवा. फटका वेडावाकडा बसत असताना वाढवलेला वेग स्लाइसच (बाजूला वळत जाणारा फटकाच) आणखी लांब नेतो.

आता नवा ड्रायव्हर. नियमांनी हेडचा आकार 460 घन सेंटीमीटरवर आणि फेसची उसळी (चेंडू त्यावरून किती जोराने परत सुटतो याचं प्रमाण) 0.83 वर केव्हाच बांधून टाकली आहे. त्यामुळे मधोमध लागलेल्या फटक्याला पाच-सहा वर्षांपूर्वीचा चांगला ड्रायव्हर आजही फारसा मागे नाही. नव्याचा फायदा आहे तो कडेला लागलेल्या फटक्यात, तिथे तो वेग कमी गमावतो. तुमचा ड्रायव्हर वीस-पंचवीस वर्षांचा, लहान हेडचा असेल तर खुशाल बदला. बदलताना कमी लॉफ्टचा (फेसच्या तिरकेपणाच्या कोनाचा) हट्ट सोडा. 90 मैलांच्या स्विंगला 9 अंश बहुधा अपुरे पडतात, 10.5 किंवा 12 अंशांनी चेंडू हवेत जास्त टिकतो.

कुठलीही वाट निवडा, आधी लॉन्च मॉनिटरवर (चेंडूचा वेग आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रावर) एक सत्र घ्या आणि कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून कापतो ते अंतर, लिहून ठेवा, एकूण अंतर नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडे फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) रोल, म्हणजे चेंडूचं घरंगळणं, जवळपास नसतो आणि मे महिन्यात तो भरपूर मिळतो, म्हणून एकूण अंतर फसवतं. मैदानही तेच ठेवा: पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर आहे, त्यामुळे येरवड्याच्या पूना क्लबवर तोच फटका चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीपेक्षा चारेक यार्ड पुढे जाऊ शकतो.

आणि दुकानात जाण्याआधी एक फुकटची चाचणी करा. हल्लीचे बरेच ड्रायव्हर 45 ते 46 इंचांचे असतात. ग्रिपवर इंचभर खाली पकडून दहा चेंडू मारा, फेसवर पायाची पावडर फवारून ठसे पाहा. ठसे मध्याकडे सरकले आणि कॅरी कमी झाली नाही, तर आहे त्याच ड्रायव्हरचा शाफ्ट (दांडा) आखूड करून घेता येईल का, हे क्लब दुरुस्त करणाऱ्याला विचारा.