वंशावळ काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध: आमचे ४१,४५० रुपये असे गेले

आधी आकडे लिहितो, कारण जो तो पहिल्यांदा तेच विचारतो. नोंदणी २,१००. ‘दफ्तर शोध’ ८,५००. मोडी कागदांचं लिप्यंतर १४,७५०. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहून ठेवणारे पुरोहित) चोपडीतला उतारा मिळवायची ‘दक्षिणा’ ५,१००. सात पिढ्यांची लॅमिनेट केलेली वंशावळ आणि सोबत जुन्या सनदेची प्रत ११,०००. एकूण ४१,४५० रुपये. सगळे यूपीआयवरून, दर वेळी वेगळ्या नावाच्या खात्यावर, आणि पावती एकाचीही नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने कसे काढतात, पुढच्या टप्प्याशिवाय मागचं सगळं वाया जाईल अशी भीती कशी घालतात, हे कुणाला नव्याने सांगायला नको. कोकणी माणसाच्या बाबतीत हे इतकं सहज का जमतं, ते मात्र सांगायला हवं. मुंबईतल्या चाकरमान्याच्या घरात पणजोबांबद्दल काय माहिती असते? एक नाव, ‘देवगड बाजूचे’ एवढा पत्ता आणि कुलदेव रवळनाथ. आमच्याकडेही तेवढंच होतं. पण रवळनाथ, सातेरी, भूमिका ही देवस्थानं तळकोकणात गावोगाव आहेत. नुसता रवळनाथ सांगितला तर कुठलंही गाव जुळवून दाखवता येतं. गावाच्या नावाचंही तेच. नांदगाव कणकवलीत आहे, मुरूडकडे आहे आणि नाशिक जिल्ह्यातही आहे. त्यात मुंबईत नोकरीला लागताना किंवा शाळेत नाव घालताना गावावरून ‘-कर’ आडनाव लावलेलं असतं आणि गावच्या दप्तरात तेच घराणं परब किंवा राणे म्हणून असतं. ही सगळी धूसर जागा म्हणजे यांचं दुकान. सुरुवातीलाच एक फॉर्म भरून घेतात, आणि शेवटी हातात पडते ती तुम्हीच भरून दिलेली तीन नावं, वर रामजी, विठोजी, गोविंद अशी चार नावं चिकटवून.

आता तो कागद, ज्याच्यापाशी आम्ही थांबायला हवं होतं. ‘१९१२ सालच्या मूळ फेरफाराची (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) छायाप्रत’ म्हणून मोडीतलं एक पान आलं, सोबत देवनागरी लिप्यंतर. लिप्यंतराच्या तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं: तालुके देवगड, जिल्हे सिंधुदुर्ग. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला! त्याआधी देवगड रत्नागिरी जिल्ह्यात. आजच्या तारखेची नक्कल असती तर वर आजचा जिल्हा असणं समजू शकलो असतो. पण हा म्हणे १९१२ चा मूळ कागद. ती ओळ आम्ही वाचली, घरात चार जणांनी वाचली, आणि कुणालाही खटकली नाही. खटकणार कशी? आमच्या पिढीने पाकिटावर सिंधुदुर्गच लिहिलेलं पाहिलं आहे. मोडी तर घरात कुणालाच येत नाही. ज्याला येत नाही त्याच्याकडूनच लिप्यंतराचे १४,७५० घेतात, येणाऱ्याकडून कशाला घेतील? ती ओळ आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

मोडी वाचता येत नसली तरी खोटा कागद ओळखता येतो. खरी मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढतो आणि तिला अक्षरं लटकवत जातो. शब्दांमध्ये जागा सुटत नाही, पूर्णविराम नसतो, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. आमच्या पानावर शब्द सुटे होते, ओळीअखेर टिंब होतं आणि सगळे ‘क’ ठशातून काढल्यासारखे हुबेहूब एकसारखे. संगणकावरचा मोडी फॉन्ट, दुसरं काय!

तारीख तर घरबसल्या तपासता येते. सनदेवर होतं ‘शके १७६५ विलंबी नाम संवत्सरे’. संवत्सर म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला. १७६५ अधिक १२ म्हणजे १७७७, बाकी ३७. सदतिसावा संवत्सर शोभन. विलंबी बत्तिसावा. पंचांगात साठही नावं क्रमाने छापलेली असतात, दोन मिनिटांचं काम. हे गणित आधी कुणी सांगितलं असतं तर ११,००० वाचले असते. शकाचं इसवी सन करायला ७८ मिळवायचे, फसलीला (महसुली कागदांवरचं जुनं साल) ५९०. खालच्या पिढ्यांशी ताळा जमतो का तेही बघा: एका पिढीला साधारण पंचवीस-तीस वर्षं. दीडशे वर्षांत तीनच पिढ्या दाखवल्या असतील तर नावं गाळलेली आहेत किंवा सगळंच रचलेलं आहे.

आणि हे पक्कं धरा: फेरफार ज्याखाली लिहिले जातात तो हक्कनोंदीचा कायदाच १९०३ चा. त्याआधीचा फेरफार कुणी विकत असेल तर तो खोटाच.

खरा रस्ता वरून खाली येत नाही, खालून वर जातो. पणजोबांवर उडी मारू नका. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, तो नसेल तर शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा. गिरणीची कागदपत्रं, मृत्यूचा दाखला. यातल्या एकावर जरी गाव आणि तालुका मिळाला तरी पुढचं उलगडतं. गाव कळलं की सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर नावाने सातबारा शोधा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना मिळतो. त्यावर गोलात लिहिलेले फेरफार क्रमांक हाच खरा धागा. एकेक फेरफार मागे काढत जायचं. वारस फेरफारात मयताचं नाव, वारसांची नावं आणि बहुतेक वेळा विधवेचं नाव मिळतं, जे कुठल्याही वंशावळीत सापडत नाही. जन्म-मृत्यूसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. खोती गाव (जिथला सारा खोत वसूल करायचा) असेल तर खातेदाराच्या रकान्यात खोतच दिसेल. आपला माणूस कुळाच्या रकान्यात शोधा. कुडाळ, सावंतवाडीकडचं गाव असेल तर १९४८ पर्यंत तो मुलूख संस्थानात होता, त्यामुळे ब्रिटिश अमलातल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जुन्या दप्तरात ते शोधत बसू नका. तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या खऱ्याच असतात, गाव आणि आडनावानुसार असतात. पण तिथे स्वतः जा, पान डोळ्यांनी बघा, खालची सही बघा. मध्यस्थाने पाठवलेल्या फोटोला किंमत नाही.

आता कार्यालयांबद्दल. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, ‘पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत ना?’ मग ‘हे दिवाणी आहे’. मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले समोरासमोर व्यवहार झालाय, ठाण्यात जा. बँकेने सांगितलं पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले आधी बँकेचं पत्र आणा. ज्या कार्यालयाचा शिक्का त्या कागदावर मारला होता, तिथे विनवण्या केल्या की हा शिक्का आमचा नाही एवढं एका ओळीत द्या. तोंडी म्हणाले खोटाच आहे, दिसतंय की. लेखी? नाही. का नाही, तर ‘उद्या आम्हाला कोर्टात यावं लागेल’. आपल्याच नावाचा खोटा शिक्का बाजारात फिरतोय आणि तक्रार करणाऱ्याला बाकावर बसवून ठेवतात, साहेब आज फिरतीवर आहेत! अभिलेख कक्षात मोडी वाचणारा माणूस नाही, आणि नसल्यामुळेच तर लोक असल्या दलालांच्या दारात जातात, हे ऐकून घ्यायला कुणी नाही. कोकणातल्या अर्ध्या घरांचा इतिहास त्या कपाटांत पडून आहे आणि दार उघडायला सरकारला एक माणूस मिळत नाही.

तोंडी विचारू नका, आम्ही त्यातच वेळ घालवला. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका: अमुक क्रमांकाचा फेरफार आपल्या अभिलेखात आहे का, असल्यास साक्षांकित प्रत द्यावी. ‘आढळून येत नाही’ हे उत्तर आलं तरी तो लेखी पुरावाच. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा, पोच जपून ठेवा. पैसे नुकतेच गेले असतील तर हे सगळं नंतर. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, म्हणजे खात्यात असतील तेवढे तरी गोठतील.

ती वंशावळ भावकीच्या ग्रुपवर फिरली आहे आणि काहींनी प्रिंट काढल्या आहेत. कृपा करून ती जात पडताळणीच्या अर्जाला किंवा वारस नोंदीला लावू नका. खोटी आहे हे माहीत असून बनावट कागद खरा म्हणून वापरणं हाही गुन्हाच, आणि आता ते तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडचं लॅमिनेट केलेलं पान मात्र आम्ही फाडलेलं नाही. खटला उभा राहिला तर तोच पुरावा आहे.