‘नव’ लावावा की ‘निओ’ ठेवावा?

पारिभाषिक मजकूर मराठीत आणताना हा प्रश्न वारंवार आडवा येतो. मूळ शब्दातला ग्रीक ‘निओ’ तसाच ठेवायचा, की ‘नव’ लावून मराठी शब्द घडवायचा?

रसायनशास्त्रात फारसा वाद नाही, तिथे ‘निओ’च. १८८५ साली वेगळे काढलेले निओडिमियम किंवा १८९८ मध्ये सापडलेला निऑन ही विशेषनामेच झाली आहेत. निओपेंटेनमध्ये तर ‘निओ’ रेणूची रचना सांगतो: मधला एक कार्बन उरलेल्या चारही कार्बनांना जोडलेला. म्हणूनच ते साधारण ९.५ अंश सेल्सियसला उकळते आणि सरळ साखळीचे पेंटेन ३६ अंशांना. त्याला ‘नवपेंटेन’ म्हटले, तर वाचक त्यात नऊ कार्बन शोधत बसेल. वैद्यकात ‘नवजात’ पक्के रुजले आहे (जन्मापासूनचे पहिले २८ दिवस), तिथे ‘निओनेट’ कशाला?

खरी निवड करावी लागते ती विचारधारा, कला आणि इतिहास यांच्या शब्दांत. ‘निओ’च्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. जुने काहीतरी बदलून पुन्हा पुढे आले आहे, ही छटा त्यात जाणकाराला लगेच कळते. ‘नव’ मात्र नुसतेच ‘ताजे’ही सुचवतो. ‘नवबौद्ध’मधला ‘नव’ १९५६च्या धम्मदीक्षेपासून बौद्ध झालेल्या माणसांना लागतो, तर ‘नवअभिजातवाद’मधला विचाराला. ही जुन्याच्या पुनर्मांडणीची छटा ‘नव्यन्याया’तल्या (भारतीय तर्कशास्त्राची एक परंपरा) ‘नव्य’मध्ये जास्त आहे, पण तो शब्द त्या परंपरेबाहेर फारसा चालत नाही.

तरीही माझा कल ‘नव’कडे आहे, आणि त्याचे कारण व्याकरणातले आहे. ‘निओ’वाला शब्द मराठीत वाढत नाही. ‘निओलिबरलिझम’ घेतला की विशेषणासाठी ‘निओलिबरल’ आणावा लागतो, प्रक्रियेसाठी ‘निओलिबरलायझेशन’. प्रत्येक रूप नव्याने उसने. मग कोणी ‘निओलिबरलिझमवादी’ लिहितो आणि ‘इझम’वर पुन्हा ‘वाद’ चढतो. लेखनही एकसारखे राहत नाही. एकाच पुस्तकात ‘निओ’ आणि ‘नियो’ दोन्ही आले, तर सूचीत एक नोंद ‘निकष’च्या आधी जाते आणि दुसरी ‘निमित्त’च्या नंतर. उलट ‘नवउदारमतवाद’ एकदा ठरला की ‘नवउदारमतवादी’, ‘नवउदारमतवाद्यांचा’ ही रूपे न विचारता मिळतात. लांब प्रकरणात हा फरक पानोपानी जाणवतो.

‘नव’ घेतला म्हणून सगळे सुरळीत होते असे नाही. दोन शब्द जोडताना स्वरसंधी करण्याचा मोह आवरावा लागतो. ‘नवोदित’, ‘नवोन्मेष’, ‘नवाश्मयुग’ हे रुळलेले शब्द संधीसह ठेवावेत. नवा शब्द घडवताना मात्र संधी टाळलेली बरी. ‘नवोदारमतवाद’मध्ये ‘उदार’ लपतो आणि वाचक क्षणभर ‘नवोदित’कडे वळतो. पुढच्या शब्दाची सुरुवात ‘वा’ने होत असेल तर संयोगचिन्ह द्यावे. ‘नववास्तववाद’ची पहिली तीन अक्षरे वाचताना डोळ्यांना ‘नववा’ दिसतो, म्हणून ‘नव-वास्तववाद’. ‘नववर्ष’, ‘नववधू’ यांना त्याची गरज नाही.

आक्षेप घेतला जातो तो असा, की मूळचे ‘न्यू’ आणि ‘निओ’ दोन्ही ‘नव’मध्येच येऊन पडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अमेरिकी तत्त्वज्ञानातला ‘न्यू रिअ‍ॅलिझम’ आणि १९४०च्या दशकातल्या इटालियन चित्रपटांचा ‘निओरिअ‍ॅलिझम’, दोन्ही नव-वास्तववादच. यावर पहिल्या उल्लेखात ‘इटालियन चित्रपटातला नव-वास्तववाद’ असे लिहिले की बहुधा भागते. आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातही एक ‘निओरिअ‍ॅलिझम’ आहेच. तो आणि चित्रपटातला, हे ‘निओ’ ठेवूनही वेगळे करता येत नाहीत.