दामिनी ॲप: तीन उन्हाळे वापरून, मायच्या दहा नावांशी ताडून

माझा दादा पायाळू. जन्मताना डोक्याआधी त्याचे पाय बाहेर आले. पायाळू माणसानं लाथ मारली की धरलेली कंबर सुटते, असं मानतात. त्यामुळं लहानपणी गल्लीतल्या बायका आमच्या ओसरीवर पालथ्या पडायच्या आणि हा चार आणे घेऊन त्यांच्या कमरेवर पाय द्यायचा. पण पायाळूची दुसरीही एक गोष्ट आहे. वीज त्याला हुडकत येते म्हणतात. दादा आज सत्तेचाळीस वर्षांचा आहे, परभणीपासून तासाभरावरच्या आमच्या गावात सहा एकर शेती करतो आणि मे महिन्यात दुपारनंतर रानातच असतो. वीज जवळ आली की इशारा देणारं हे ॲप मी त्याच्या फोनमध्ये टाकून दिलं ते मायची झोप उडते म्हणून.

आधी मायचं सांगते. तिची पद्धत कळली नाही तर ॲपचं मोल कळायचं नाही.

माय माळकरी. एकादशी कधी मोडलेली नाही, दिवेलागणीला हरिपाठ चुकलेला नाही. वळवाचं आभाळ तीन-साडेतीनला भरून यायला लागलं की बाकीच्या बाया वाळवण उचलायला धावायच्या. माय पण धावायची, पण तिचं काम चटकन आटपायचं आणि मग ती सुपात तुरीची डाळ घेऊन ओसरीच्या खांबाला टेकायची. आधी धूळ यायची. वेशीकडची लिंबाची झाडं दिसेनाशी व्हायची, गोठ्याचे पत्रे वर ठेवलेल्या दगडांसकट थरथरायचे. मग वारा एकदम पडायचा. त्या मधल्या वेळात माय डाळ निवडायची थांबायची आणि म्हणायची, "आता बघा." आभाळात वीज फुटली की ती हात जोडायची. भिऊन नाही. दारावरून दिंडी जाताना जोडावेत, तसे.

आणि लगेच नावं. अर्जुन, फाल्गुन, पार्थ, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सू, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. महाभारतात विराटपर्वात अर्जुन राजपुत्र उत्तराला आपली जी दहा नावं सांगतो, तीच. फक्त तिसरं तिथं 'जिष्णू' आहे, मायच्या तोंडी 'पार्थ' बसलंय. ही नावं घेतली की वीज अंगावर येत नाही, ही श्रद्धा महाराष्ट्रात घरोघर आहे. पण मायचा त्यात एक हिशेब होता. गडगडाट व्हायच्या आत दहाही नावं पुरी झाली, तर वीज 'परगावची'. मग आम्ही बहिणी ओसरीवर बसून बघायचं. नावं मध्येच तुटली की आत. "श्वेतवाहनावर आली" म्हणजे सूप उचलायचं. "पार्थावर आली" म्हणजे कुणी काही बोलायचं नाही, सरळ मधल्या घरात, कणगीपाशी. आमच्या घरात अजूनही जवळ आलेल्या संकटाला 'पार्थावर आलंय' म्हणतात. बँकेच्या हप्त्यालासुद्धा.

दादाला मात्र ओसरी कधीच नाही. परगावची वीज असली तरी नाही. तो दाराच्या फटीतून बघायचा. आम्ही त्याला चिडवायचो, आणि तो आतून ट्रान्झिस्टर मोठा करायचा. आकाशवाणी परभणी मीडियम वेव्हवर लागायची, आणि प्रत्येक विजेला तिच्यात 'खर्रर्र' व्हायचं, गडगडाटाच्या कितीतरी आधी. दादानं त्यावर आपला शोध लावला होता: बाहेर न बघता तो आतून ओरडायचा, "पडली!" आणि मग सगळ्यांनी मिळून नावं मोजायची.

हे मुद्दाम सांगितलं, कारण दामिनी त्या खरखरीवरच चालतं. वीज पडते तेव्हा तिच्यातून रेडिओ लहरी निघतात. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं देशभर ८०हून जास्त ठिकाणी सेन्सर बसवलेत. एकाच विजेची खरखर कुठल्या केंद्रावर किती आधी, किती नंतर पोचली, यावरून ती कुठं पडली ते काढतात. मी पुण्यात त्याच रस्त्यानं रोज बसनं जाते. पाटी दिसली की मला दादाचा ट्रान्झिस्टर आठवतो.

ॲप फुकट आहे. उघडलं की नकाशावर तुमच्याभोवती दोन वर्तुळं दिसतात, २० किलोमीटरचं आणि ४० किलोमीटरचं. गेल्या पाच, दहा, पंधरा मिनिटांत पडलेल्या विजा वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांनी दाखवतात. वर्तुळात वीज चालू असेल तर इशारा येतो. वीज पडताना काय करावं, काय करू नये हेही दिलंय. रोज उघडून बघण्यासारखं यात काही नाही, आणि ते मला आवडलं. जाहिरात नाही, गप्पा नाहीत. काम असलं की बोलतं.

मागच्या वर्षी सुटीत गेले तेव्हा मी मायची नावं फोनच्या स्टॉपवॉचवर लावून बघितली. तिच्या चालीत दहा नावांना सहा सेकंद लागतात. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे मायची 'परगावची' वीज जेमतेम दोन किलोमीटरवरची! पार्थावर तुटली तर अर्धा-पाऊण किलोमीटर. सगळीकडं सांगितला जाणारा नियम असा आहे की चमक आणि आवाज यात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर आत जावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. त्या हिशेबानं आमचं अख्खं बालपण धोक्याच्या हद्दीत डाळ निवडत गेलं.

मायला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकलं, सूप झाडलं आणि म्हणाली, "मग पाच येळा म्हणायची."

गंमत म्हणजे पाचदा सहा तीसच होतात.

आता ॲप वापरताना काय काय होतं ते. पहिलं, २० किलोमीटरचं वर्तुळ फार मोठं असतं. साडेबाराशे चौरस किलोमीटर. आमच्या गावाभोवती ते काढलं तर तालुक्याचं गावही आत येतं. प्रत्येक इशाऱ्याला काम टाकून घरी यायचं म्हटलं तर वळवाच्या दिवसांत नांगरट कधी व्हायची, हा दादाचा प्रश्न आहे आणि तो खोटा नाही. त्यानं स्वतःची तडजोड काढलीय: ४० च्या वर्तुळात ठिपके दिसले की बैल सोडून गोठ्याकडं लावायचे, २० मध्ये आले की स्वतः निघायचं. बैल आधी, हे बरोबरच आहे. वीज झाडावर किंवा जमिनीवर पडली की करंट जमिनीतून पसरतो, आणि जनावराचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यानं त्याच्या अंगातून तो जास्त जातो. आमच्या शिवारात एका शेजाऱ्याची जोडी लिंबाखाली बांधलेली असताना अशीच गेली. दोन्ही बैलांच्या अंगावर खूण नव्हती. कासरा तसाच खुंट्याला होता.

दुसरं, फोनचं. दादाचा स्वस्तातला फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागचं सगळं झोपवतो. पहिल्या उन्हाळ्यात महिनाभर इशारा आलाच नाही आणि आम्ही ॲपला शिव्या दिल्या. सेटिंगमध्ये जाऊन दामिनीवरचं बॅटरीचं बंधन काढलं, लोकेशन कायम चालू ठेवलं, तेव्हा कुठं ते बोलायला लागलं. टाकणाऱ्यानं हे दोन्ही आधी करावं. तिसरं, रेंज. वादळाच्या आधीच आमची लाइट जाते, आणि लाइट गेली की टॉवर तासाभरात मान टाकतो. कंपनीचं नाव घेत नाही. इशारा हवा असतो नेमक्या त्याच वेळी फोनवर फुली असते. याचा दोष ॲपला देता येत नाही, पण रानात उभ्या माणसाला दोष कुणाचा हे कळून काय फायदा? म्हणून पाचातला एक तारा मी कापलाय. कुणाचा ते तुम्ही ठरवा.

तरी टाकाच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेल्याची नोंद आहे. त्यांच्यातल्या कितीजणांना वीस मिनिटं आधी कळलं असतं तर झाडाखालून निघून पक्क्या घरात जाता आलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मायनं ॲपला आक्षेप घेतला नाही, उलट नाव विचारलं. 'दामिनी' म्हणजे वीजच, असं सांगितल्यावर खूश झाली. विजेलाच राखण ठेवलं म्हणाली. फोन वाजला की ती नावं चालू करते, चमक दिसो न दिसो. हे मात्र चुकीचं मोजमाप आहे, कारण तेव्हा मोजायला काहीच नसतं. मी बोलले नाही.

यंदाच्या मेमधली गोष्ट. दादा वेळेत घरी आला होता, बैल बांधलेले होते. धूळ येऊन गेली, वारा पडला. माय तिच्या खांबाला. मी तिच्याजवळ. दादा दारात उभा, उंबऱ्याच्या आत, डोक्याचे केस पांढरे झालेले. म्हणाला, "माय, आता तरी बसू का ओसरीवर? सत्तेचाळीस झाली."

माय त्याच्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या दामिनीला इचार."

त्यानं फोन बघितला. वीसच्या वर्तुळात सात ठिपके होते. मला म्हणाला, "तू पण आत ये." मी उठले. मायला दोघांनी दोनदा हाक मारली. तिचं बीभत्सूपर्यंत आलं होतं आणि आवाज अजून झाला नव्हता.