नवीन ओटीजी: डायलवर १८०, आत भलतंच. दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आधी घेतलेला ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) आहे, चाळीस लिटरच्या आसपासचा, २००० वॅटचा, वर-खाली रॉड आणि आत पंखा. आता पावसाळा लागला, म्हणजे बऱ्यापैकी वापर झाला, म्हणून सविस्तर लिहितेय. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही कारण या किमतीतले बहुतेक ओटीजी साध्या मेकॅनिकल थर्मोस्टॅटवर (तापमान सांभाळणाऱ्या स्विचवर) चालतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे. ओव्हन १०-१५ डिग्रीने चुकत असेल पण रोज तेवढाच चुकत असेल तर काही बिघडत नाही, आपण सांभाळून घेऊ शकतो. पण पहिल्या ट्रेला एक आणि तिसऱ्या ट्रेला दुसरंच असं चालू असेल तर तो दोष आहे आणि तो कंपनीकडून दुरुस्त करून घ्यायलाच पाहिजे. "सवय होईल हळूहळू" असं सगळे सांगतात, त्यावर जाऊ नका.

आमच्याकडे सांगलीत पूर्वी दिवाळीच्या आधी तूप, मैदा, पिठीसाखर सगळं घेऊन बेकरीत जायचं आणि डबा भरून नानकटाई भाजून आणायची अशी पद्धत होती, त्यामुळे घरचा ओव्हन आल्यावर पहिला मान नानकटाईचाच. तीच बिघडली. पहिला ट्रे १६० वर लावला तर दहा मिनिटांत कडा तपकिरी, खालून जवळजवळ काळ्या, आणि मोडून बघितली तर मधे कच्चं पीठ. दुसरा ट्रे त्यातल्या त्यात बरा. तिसरा ट्रे लावला, तेच पीठ, तोच डायल, तर यावेळी नानकटाई पसरून चपट्या झाल्या आणि रंगच येईना. नानकटाई यासाठी फार चांगली परीक्षा आहे बघा, ओव्हन जास्त तापला तर बाहेरून लगेच धरते आणि आत कच्ची राहते, कमी तापला तर पीठ धरायच्या आधीच तूप वितळतं आणि ती पसरते. एकाच पिठाचे दोन्ही प्रकार एकाच दुपारी झाले म्हणजे रेसिपीत काही नव्हतं.

केकचंही तसंच. वरून फुगून फुटलेला, साल जाड आणि काळपट, सुरी घातली की ओली, तर ओव्हन गरम आहे. चपटा राहिला, मधे बसला, तर बहुतेक वेळा थंड आहे. माझ्याकडे आठवड्याआड यातलं एकेक व्हायचं.

मग मी साखरेची टेस्ट केली, ही कुणालाही घरी करता येते. साखर साधारण १८६ डिग्रीला वितळते. ओव्हन १७५ वर ठेवून चांगला तापू द्यायचा, मग फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर मधल्या जाळीवर ठेवायची, पंधरा मिनिटांनी ती कोरडी दाणेदारच असली पाहिजे. नंतर दुसरी वाटी १९० वर, ती वितळायला पाहिजे. मी तर डायल १६० वर ठेवला होता. काचेतून बघत बसले, आधी कडेचे दाणे पारदर्शक झाले, मग वाटीच्या एका बाजूला पाण्यासारखा थेंब जमला आणि बघता बघता सगळी साखर सोनेरी. १६० च्या डायलवर! म्हणजे आत १८६ च्या वर होतं याबद्दल शंकाच नाही उरली.

त्यानंतर ओव्हन थर्मामीटर मागवला, डायलवाला, काही शे रुपयांत मिळतो आणि ओटीजी घेणाऱ्या प्रत्येकाने तो ओव्हनसोबतच मागवावा असं मी आता सगळ्यांना सांगते. तो रॉडजवळ किंवा अगदी तळाला ठेवायचा नाही, ट्रे जिथे येतो तिथे मधल्या जाळीच्या मध्यभागी ठेवायचा, आणि दार न उघडता काचेतूनच बघायचं, कारण दार उघडलं की काटा झरझर खाली येतो आणि तुम्ही वाचता तो आकडा खोटा असतो. अजून एक, एकदाच बघून काही कळत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे चालू-बंद करणारं बटणच आहे, तापलं की रॉड बंद, उतरलं की परत चालू, त्यामुळे काटा सतत वर-खाली होतो. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा तीन-चार वेळा लिहून घ्यायचा आणि मधला धरायचा. आणि पहिल्या वेळी तो हमखास जास्त वर जातो, म्हणून इंडिकेटरची लाईट पहिल्यांदा बंद झाली की लगेच ट्रे आत सरकवू नका, दोन-तीन वेळा चालू-बंद होऊ द्या. माझ्या मॉडेलमध्ये लाईट रॉडबरोबर बंद होते पण काही ओटीजींमध्ये ती फक्त टायमर चालू असेपर्यंत पेटलेली राहते, तिच्यावरून काहीच कळत नाही, तिथे रॉड लाल आहेत की नाही ते बघावं.

माझे आकडे असे आले: डायल १८०, सुरुवातीला सरासरी २१५ च्या पुढे, आणि तासभर सलग चालवल्यावर १९० च्या आसपास. म्हणजे चुकतं तेही ठरलेलं नाही. हे सगळं वेळेसकट कागदावर लिहून फ्रिजवर लावलं, आणि तोच कागद पुढे कामाला आला.

सर्व्हिसचा अनुभव. वॉरंटी होती, कंप्लेंट नोंदवली, पहिला माणूस आला, ओव्हन चालू केला, दारावर हात धरला आणि म्हणाला, "ताई, गरम होतंय की. ओव्हनला काही झालेलं नाही." मी थर्मामीटर दाखवला तर म्हणे हे लोकल असतात, याच्यावर भरवसा नाही. जॉब शीटवर "ओके" लिहून सही मागायला लागला, मी सही दिली नाही. हे महत्त्वाचं आहे, "ओके" लिहिलेल्या कागदावर सही केली की तुमची कंप्लेंट तिथेच संपते. परत फोन केला, कागदावरचे आकडे आणि जळलेल्या नानकटाईचे फोटो ईमेलने पाठवले, आणि दोन आठवडे काहीच हललं नाही तेव्हा ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवतेय असं स्पष्ट लिहून टाकलं. मग दुसरा माणूस आला, वयाने मोठा, आणि हा खरंच कामाचा निघाला. त्याच्याकडे वायरचा सेन्सर असलेला मीटर होता. म्हटलं, "दादा, चहा घ्या पण अर्धा तास थांबा, पहिला ट्रे आणि नंतरचा यातला फरक तुम्हीच बघा." थांबला बिचारा. त्याचा मीटर आणि माझा थर्मामीटर यात चार-पाच डिग्रीचाच फरक होता.

मग त्याने प्लग काढून, ओव्हन गार होऊ देऊन बाजूचा पत्रा खोलला आणि मला कारण दाखवलं. या थर्मोस्टॅटला एक बारीक तांब्याची नळी असते, तिच्या टोकाला जरा जाड दांडी, आत तेल भरलेलं. दांडी तापली की तेल प्रसरण पावतं, पलीकडची पातळ चकती फुगते आणि कॉन्टॅक्ट तुटून रॉड बंद होतात. ही दांडी ओव्हनच्या आतल्या हवेत क्लिपमध्ये धरलेली असायला हवी. माझ्यात ती क्लिपमधून निसटून पत्र्याला टेकली होती! म्हणजे ती आतली हवा मोजतच नव्हती, पत्रा मोजत होती. सुरुवातीला पत्रा गार, म्हणून थर्मोस्टॅटला वाटायचं अजून तापलं नाही आणि तो रॉड चालूच ठेवायचा, नानकटाई जळायची. तासाभराने पत्राही तापला की तो आधीपेक्षा लवकर बंद करायचा. इतके दिवस मी ज्याच्याशी झगडत होते ते सगळं त्या एका निसटलेल्या क्लिपमुळे. त्याने थर्मोस्टॅटच नवीन बसवला, क्लिप घट्ट केली, आणि पत्रा लावायच्या आधी मला परत दाखवली. अशा माणसाचं कौतुक केलंच पाहिजे, मी कंपनीला तसं लिहूनही कळवलं.

घरी स्वतः मात्र हा पत्रा खोलू नका, आत २३० व्होल्ट आहे आणि वॉरंटीही जाते.

आता काय स्थिती आहे? डायल १८० ला सरासरी १७० मिळतं, काटा त्याच्या दहाएक डिग्री वर-खाली फिरतो. पहिला ट्रे असो की चौथा, तेवढंच. म्हणून मी १८० पाहिजे असेल तर १९० लावते आणि विषय संपला. डायलच्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीवर माझ्या खुणा केल्यात: नानकटाई, केक, लादीपाव. घरात बाकी कुणीही लावलं तरी बरोबर येतं. परदेशी रेसिपीतलं ३५० फॅरेनहाइट म्हणजे १७७ सेल्सिअस, ३२५ म्हणजे १६३, हेही तिथेच लिहिलंय. पंखा चालू असेल तर २० कमी.

दुरुस्तीनंतरही मागचा डावा कोपरा जास्त भाजतो. हे कसं कळलं तर पूर्ण जाळीवर पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस पसरून भाजल्या, मग कुठली जास्त लाल झाली ते समोरच दिसतं. त्यामुळे अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवावा लागतो. काळा ट्रे चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा जास्त उष्णता शोषतो, सोबत आलेला काळा ट्रे नानकटाईला मी वापरतच नाही. आणि खालच्या जाळीवर आईचा जुना बिडाचा तवा कायम ठेवलेला असतो. तो तापायला वेळ घेतो पण एकदा तापला की दार उघडलं तरी ओव्हन पटकन सावरतो, काट्याची उडीही कमी झाली. लादीपावाला याचा फार फायदा, खालून छान धरतात.

व्होल्टेजबद्दल बरेच जण विचारतात. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. २३० चं २०० झालं तर २००० वॅटचा रॉड साधारण १५०० वॅटच देतो, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पण थर्मोस्टॅट बंद होतो तो आकडा बदलत नाही, फक्त तिथे पोचायला वेळ लागतो. म्हणजे "दहा मिनिटं प्रीहीट" हे दुपारी पुरतं, संध्याकाळी नाही. घड्याळावर जाऊ नका, काट्यावर जा. आणि हा जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, त्यामुळे मोठ्या पॉवर पॉइंटवरच लावा, एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नको.

बाकीचं थोडक्यात. टायमर ठीक, पण दहा मिनिटांच्या खाली लावायचा असेल तर आधी पुढे फिरवून मग मागे आणावा लागतो. दाराची काच चांगली आहे. ग्रिलवर पनीर, वांगी मस्त होतात, तिथे टेंपरेचरचा तसा फारसा प्रश्न येत नाही. आतला दिवा मंद आहे, थर्मामीटर वाचायला मोबाईलची बॅटरी लागते. वरून आणि मागून वीतभर जागा सोडली आहे, भिंतीला चिकटवून ठेवला तर बाहेरचा पत्रा खूपच तापतो.

घ्यावा का? थर्मोस्टॅट बरोबर असेल तर हो, या पैशात काम उत्तम करतो आणि आमच्याकडे आता आठवड्याला पाव घरीच होतात. पण डिलिव्हरी आली की पहिल्याच दोन-तीन दिवसांत थर्मामीटर लावून बघा, सुरुवातीचा आकडा आणि तासाभराने आलेला आकडा दोन्ही लिहा आणि काट्याचा फोटो काढून ठेवा. ऑनलाइन घेतलं तर बदलून द्यायची मुदत फार थोडी असते, ती गेली की मग सर्व्हिसवाल्यांच्या मागे लागावं लागतं. माझी मुदत नानकटाईचं पीठ बदलून बघण्यातच गेली होती.