मुलान: १९९८ची की २०२०ची?

मुलान म्हणजे वडिलांच्या जागी पुरुषाच्या वेशात सैन्यात जाणारी चिनी दंतकथेतली मुलगी; डिस्नेने तिच्यावर दोन चित्रपट काढले. माझा कौल १९९८च्या ॲनिमेशनमधल्या मुलानला. सैन्यात येते तेव्हा तिला धड तलवारही पेलत नाही. प्रशिक्षणात उंच खांबावरचा बाण काढायचा, तोही मनगटांना जड वजनं बांधून. बाकीचे घसरतात, ती तीच वजनं खांबाभोवती एकमेकांत अडकवते आणि त्यांच्याच आधाराने वर चढते. हे शहाणपण कुठल्याही मुलीला आपलं वाटावं असं आहे.

२०२०च्या चित्रपटात अभिनेत्री लिऊ यीफेईची मुलान लहानपणापासूनच ‘ची’ या अंगभूत शक्तीमुळे छपरांवरून धावते. लढाया देखण्या आहेत, पण धडपडत शिकणं जवळजवळ संपलं. एका बाबतीत मात्र नवी सरस आहे. जुनी मुलगी आहे हे गुपित जखमेमुळे फुटतं. नवी स्वतःहून केस मोकळे सोडून रणांगणात उतरते, आपली ओळख स्वतः सांगते.